वाळ्याला बाप नसतो

आई गेली आणि महिन्याभरात तिचा कढीपत्ता सुकायला लागला. कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरापुढे चिंचोळी मोकळी जागा आहे, तिथे तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तो लावलेला होता. आईने तो सातारच्या बाजूच्या आमच्या गावाहून एसटीत मांडीवर ठेवून आणला होता, मातीसकट. इथली जमीन खाडीत भराव टाकून केलेली, तिच्यात काही धरत नाही, असं तिचं ठाम मत होतं. वडील घाऊक बाजारात माथाडी होते. त्यांच्या पाठीवर आमचं घर उभं राहिलं, पण घरात हिरवं जे काही होतं ते आईचं.

मी एका मालवाहतूक कंपनीच्या वाशीतल्या ऑफिसात नोकरी करतो. माझी धाकटी बहीण ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, तेव्हा चाळिशीला आली होती, आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती, मी आणि माझी बायको, असे आम्ही तिघं त्या घरात राहत होतो, अजूनही राहतो. आमचा मुलगा बंगळुरूला असतो.

एका रविवारी सकाळी बहिणीने कढीपत्त्याचा डबा गोणपाटावर उपडा केला. मुळं कुजली आहेत का ते तिला बघायचं होतं. बायको चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. मातीच्या ढेकळातून काहीतरी काळपट, चमकदार, बॉलपेनच्या रिफिलइतकं बारीक वळवळत बाहेर आलं.

"गांडूळ आहे," बायको म्हणाली.

"गांडूळ एवढं पळतं का? साप आहे. पिल्लू आहे कसलं तरी." मी पायातली चप्पल काढली.

"दादा, चप्पल खाली ठेव."

"अगं, कानात शिरतो हा. गावाला सगळे सांगायचे."

"तुझ्या कानात माझं बोलणं शिरत नाही, हा कुठून शिरणार?"

बायको हसली. बहिणीने तो प्राणी तळहातावर घेतला. तो तिच्या बोटांच्या फटी शोधत राहिला. तिने आम्हाला त्याचे डोळे दाखवले. डोळे कसले, खवल्याखाली दोन काळे ठिपके. त्याला वाळा म्हणतात, तिने सांगितलं. पिल्लू नाही, पुरता वाढलेला आहे. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो, कुणाला चावत नाही. आणि हा तो नाही, ती आहे.

"उलटं करून बघितलंस काय गं?" बायकोने विचारलं.

"बघावं लागतच नाही, वहिनी. यांच्यात नर नसतातच. खात्रीने नर म्हणता येईल असा कुणाला सापडलेला नाही. सगळ्या माद्या. ही एकटीच अंडी घालते, अंड्यांना नराची गरज लागत नाही, त्यातून हिच्यासारख्याच मुली निघतात. त्या मुलींना पुन्हा मुली."

"बरंय की मग. सकाळी डबा कुणाचा भरायचा, टेन्शनच नाही."

बहीणही हसली. मग म्हणाली, "कुंड्यांच्या मातीतून या जगभर गेल्यात. जोडी लागत नाही ना. एक पोचली की पुरे. आईने एसटीतून आणली असेल ही, मांडीवर बसवून."

बायको कप घेऊन आत गेली. बहिणीने माती पुन्हा डब्यात भरली, वाळ्याला त्यात सोडलं आणि वरून हलक्या हाताने माती सारखी केली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दादा, मला मूल हवंय. लग्न नको. मूल हवंय."

मला पहिल्यांदा सुचलेला प्रश्न मी इथे लिहितो, कारण तो लपवून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी विचारलं, "बाप कोण?"

"दाता असतो. त्याचं नाव कळत नाही, कळायची गरजही नाही. कायद्याने चालतं, एकट्या बाईलासुद्धा." वाशीतल्या एका डॉक्टर बाईंकडे ती आधीच जाऊन आली होती. रक्त तपासलं होतं. बीजं कमी होत चालली आहेत, थांबू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. हे सगळं तिने मला त्या दिवशी, त्या गोणपाटापाशी, स्पष्ट शब्दांत सांगितलं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

तिने माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. तिच्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. आणि गावाला मामाला मी सांगायचं. आई गेल्यावर आमच्यात मोठं माणूस मामाच उरला होता. त्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळल्यासारखं.

मी डब्याकडे बघत होतो. म्हटलं, "आईचं वर्ष होऊ दे."

"डॉक्टर म्हणाल्या थांबू नका."

"वर्षाने काय होतंय? घरात अजून सुतकासारखंच आहे. लोक म्हणतील, आई गेली आणि हिला काय सुचलं."

तिने हाताची माती गोणपाटावर झटकली. मग म्हणाली, "बरं."

ती वाद घालणारी बाई आहे. वर्गातली पोरं तिला टरकून असतात. कॉलेजात एकदा तिने प्राचार्यांना तोंडावर सुनावलं होतं. तरी त्या दिवशी ती फक्त "बरं" म्हणाली, कारण मी आईचं नाव घेतलं होतं. तिने नाही म्हणू नये म्हणूनच मी ते घेतलं, हे मला घेतानाच ठाऊक होतं.

आई अंगावरून वारं गेल्यानंतर बरीच वर्षं अंथरुणात होती. तिचं सगळं बहिणीने केलं. कूस बदलणं, भरवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावणं, आणि त्यातून सकाळचं कॉलेज. माझी बायको स्वयंपाक करायची, मी औषधं आणायचो आणि आपण फार करतो आहोत असं समजायचो. त्या वर्षांत बहिणीला स्थळं आली होती. त्यातलं एक चांगलं होतं, मुलगा शिक्षक होता, घरी येऊन चहा पिऊन गेला, बहिणीशी बेडकाच्या विच्छेदनावर तासभर बोलत बसला होता. त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आईचं जरा सावरू दे." आई सावरण्यातली नव्हती. त्यांनी वाट बघितली आणि दुसरीकडे जमवलं. म्हणजे माझी वाक्यं ठरलेली होती. आई जिवंत असताना एक आणि ती गेल्यावर दुसरं.

खरं कारण काय होतं, ते मी त्या वर्षभरात स्वतःलाही सांगितलं नाही. आमच्या आळीत निम्मी घरं आमच्याच तालुक्यातली. इथे कुणाच्या पोराने बाईक पाडली तर गावात माझ्या आधी कळतं. लग्न न झालेली बहीण पोट घेऊन आळीतून चालते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. आईच्या आजारपणात मी बघितलं होतं की माणूस पडलं की कोण उठतं. पुढे मी पडलो, बायको पडली, तर बहीण उठेल, असं मी कुठेतरी गृहीत धरलं होतं. तिला मूल झालं असतं तर ती त्याच्यासाठी उठली असती. एवढा हलका विचार माझ्यात होता. बायकोला मी तो अजून सांगितलेला नाही.

ते वर्ष वाईट गेलं असंही नाही, आणि मला आज त्याचाच त्रास जास्त होतो. ठरलंय म्हटल्यावर बहीण खुशीत होती. जेवताना ती तिच्या विषयातलं सांगायची. पूर्वी असं काही निघालं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, आता ऐकायला लागलो, आणि ऐकण्याने माझं देणं फिटतंय असं मला वाटायला लागलं.

कढीपत्ता पुन्हा फुटला, आणि कोवळ्या पानांखाली काळा मावा बसला. बायको साबणाचं पाणी मारायला निघाली तेव्हा बहिणीने तिला भिंग आणून दाखवलं. मावासुद्धा सगळा बायकांचा. अंडी घालायलाही थांबत नाहीत, सरळ जिवंत पिल्लं होतात. आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात तिचं पिल्लू आधीच वाढायला लागलेलं असतं.

"म्हणजे आजीच्या पोटात नात?" बायको म्हणाली.

"हो. थंड मुलखात हिवाळा आला की त्यांना नर लागतात. मग नर जन्माला घालतात, अंडी घालतात, ती अंडी थंडी काढतात. आपल्याकडे कुठली थंडी? आपल्याकडचा बहुतेक मावा वर्षभर असाच चालतो."

मधमाश्यांचं तिने सांगितलं. राणीच्या ज्या अंड्याचा नराशी संबंध आला त्यातून मादी निघते, ज्याचा आला नाही त्यातून नर निघतो. म्हणजे नरालाच बाप नसतो. बायकोला हे फार आवडलं. मी काही आगाऊ बोललो की ती म्हणायची, "बिनबापाची माशी." परदेशात काचेच्या टाकीत नराशिवाय ठेवलेल्या शार्क माशाच्या मादीला पिल्लू झाल्याचं बहिणीने सांगितलं, आणि एका बेटावरच्या मोठ्या घोरपडींचं. त्या एरवी नराबरोबरच राहतात, पण नर मिळाला नाही तर त्यांच्यातली एखादी एकटीच निभावून नेते. तिचं बीज दुप्पट होऊन स्वतःच स्वतःची जोडी बनतं.

मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर असलं वाचायला लागलो. संध्याकाळी येऊन तिला सांगायचो, टर्कीच्या कोंबड्यांमध्येसुद्धा कधीकधी असं होतं. ती म्हणायची, "वा, दादा. पेपर तपासायला बसवते तुला." एकदा मी म्हणालो, "बघ ना, निसर्गात किती वाटा आहेत. एवढं काय टेन्शन घ्यायचं."

तिने हातातला घास खाली ठेवला. "आपल्यात ही वाट नाही. सापात आहे, माशांत आहे, पक्ष्यांत कधीतरी. सस्तन प्राण्यांत नाही. बापाकडून येणाऱ्या काही जनुकांवर त्याची खूण असते, आईकडून येणाऱ्या काहींवर तिची. बापाच्या खुणेची नसतील तर गर्भाला पोसणारी वार नीट वाढत नाही, गर्भ टिकत नाही. उंदरातही नाही आणि आपल्यातही नाही. वाळ्याला जे जमतं ते मला जमणार नाही. मला बाप लागतो, नाव नसलेला का होईना."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढायला उठली.

मग बहीण जरा निवळली आणि म्हणाली, "पण माव्यासारखं एक आहे आपल्यात. मुलगी आईच्या पोटात असते ना, तेव्हाच तिची सगळी बीजं तयार होतात. पुढे नवीन होत नाहीत, नुसती संपत जातात. म्हणजे माझ्या पोटातलं बीज आईच्या पोटात घडलेलं आहे. आईचं जेवण खाऊन." ती थोडी लाजली. "म्हणून मला लवकर हवं होतं. आई बघेल असं वाटलं होतं. ते राहिलं. पण तिच्या हातचं काहीतरी अजून आहे, एवढंच."

मी हे ऐकलं. मला ते कळलं. तरी दुसऱ्या दिवशी मी वाशीची वेळ घेऊया असं म्हणालो नाही.

वर्ष अर्धं सरलं तेव्हा मी गाडी घेतली. जुनी, पण फार चाललेली नव्हती, बरी मिळाली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आळीत पेढे वाटले. आईचं वर्ष तेव्हा मध्ये आलं नाही. बहिणीने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "रंग छान आहे." गाडी उभी करायला घरापुढची जागा लागणार होती. मी गवंड्याला बोलावून तिथे फरशी घालून घेतली. कढीपत्त्याच्या डब्याचा पत्रा तळाशी गंजून फुटला होता, उचलताना माती सांडत होती. गवंड्याने विचारलं, "साहेब, हे?" मी फोनवर होतो. हाताने खूण केली.

संध्याकाळी बहीण घरी आली. फरशी बघितली. "दादा, डबा कुठे?"

"फुटला होता गं. कचऱ्याच्या गाडीत गेला."

"माती?"

"मातीसकट."

ती चपला काढून आत गेली. चहा टाकला, मलाही दिला. मी म्हटलं, नवीन रोप आणू. ती म्हणाली, "आणू की."

वर्षश्राद्धाला मामा गावाहून आला. आत भात वाढत होतो, आळीतली चार माणसं जेवून गेली होती, घरचेच उरलो होतो. मला वाटलं होतं की लोक गेल्यावर मी मामाला बाजूला घेईन. वाक्यं ठरवूनही ठेवली होती. पण बहिणीने माझी वाट बघितली नाही. पोळी वाढता वाढता ती म्हणाली, "मामा, मी मूल होऊ देणार आहे. लग्नाशिवाय. दवाखान्यात करतात तसं."

माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

मामाने पोळी मोडली. "म्हंजी इंजेक्शनवर?"

"तसंच समज."

"मंग कर की. आमच्या गोठ्यात समद्या गाई तशाच भरवतो. वळूचं तोंड बगितलंया कुनी? डाक्टर येतो मोटरसायकलवर, थैली उघडतो, झालं. वासरं कशी टंच हायती."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. बहीण तर एवढी हसली की तिला भांडं खाली ठेवावं लागलं. डोळ्यांना पाणी आलं. "मामा, मी गाय आहे का?"

"गाय न्हाईस, गायीपरास गरीब हायस. तुझी आय मला फोनवर म्हनायची, माझ्यामागं पोरीला कोन? तोंडानं धड बोलता येत नव्हतं तिला, पर येवढं म्हनायची. तवा कर. लोकं चार दिस बोलतील. लोकांस्नी दुसरं काय काम हाय? पर येवढा येळ का लावलास?"

"आईचं वर्ष होतं ना," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मामाने मान वर केली. "वर्षाचं काय? आपल्यात कार्य असंल तर वर्षाच्या आतच उरकत्यात. तुझ्या चुलत्याच्या पोराचं न्हाई का केलं, म्हातारं गेल्यावर दोन महिन्यांत? तुला कुनी सांगितलं थांब म्हनून?"

मी त्या लग्नाला गेलो होतो. घरातलं मोठं माणूस गेलं की ठरलेलं कार्य वर्षाच्या आत उरकायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आळीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने तेच सांगितलं असतं. माझ्या बहिणीला असल्या गोष्टींत रस नव्हता, तिने माझ्यावर सोपवलं होतं. आणि मी ती रीत माझ्या सोयीने उलटी करून सांगितली होती.

"कुणी नाही, मामा," ती म्हणाली. "मीच थांबले."

मी मामाला भात वाढला. त्याने हात आडवा धरला तरी वाढला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही वाशीला गेलो. मी रजा घेतली होती. डॉक्टर बाईंनी विचारलं, "तुम्ही मिस्टर?"

"भाऊ."

"बरं झालं आलात. मागच्या वेळी त्या एकट्याच आल्या होत्या."

तपासण्या झाल्या. डॉक्टर बाई पडद्यावर बराच वेळ बघत राहिल्या आणि मग खुर्चीत येऊन बसल्या. बीजांचा साठा फार खाली गेला आहे, त्या म्हणाल्या. प्रयत्न करू, पण मोठी आशा ठेवू नका. बहिणीने पोटावर इंजेक्शनं घेतली, रोज, स्वतःच्या हाताने, कॉलेजला जायच्या आधी. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती सुई टोचायची आणि माझी बायको तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असायची. मी बाहेर पेपर धरून बसायचो. पहिल्या खेपेला औषधाला काही उत्तरच आलं नाही. दुसऱ्या खेपेला एक बीज मिळालं, ते पुढे गेलं नाही. त्यानंतर डॉक्टर बाईंनी समोर बसवून सांगितलं की आता तुमच्या स्वतःच्या बीजाने होणार नाही. दुसऱ्या बाईचं बीज घेता येईल. विचार करा.

मी विचारलं, "मॅडम, वर्षभर आधी आलो असतो तर?"

त्यांनी आधी बहिणीकडे बघितलं. "तेव्हाही खात्री नव्हती. पण हातात काहीतरी होतं."

खाली आलो. बहीण म्हणाली, भूक लागली आहे. समोर उडप्याचं हॉटेल होतं, तिथे बसलो. तिने डोसा मागवला आणि सगळा खाल्ला. मी पाण्याचा ग्लास फिरवत होतो. तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, बोलू नकोस."

"मी काही म्हटलं नाही."

"म्हणणार होतास. तुझ्यामुळे झालं, मला माफ कर. मग तू रडशील. मग मला तुला सांगावं लागेल की नाही रे, तुझ्यामुळे नाही. मला ते जमणार नाही आता. आणि खोटंही बोलायचं नाही मला."

ती चटणीची वाटी पुसून घेत होती.

"दुसऱ्या बाईचं बीज घेतलं तर?" थोड्या वेळाने मी विचारलं. "मी येईन. म्हणशील तिथे येईन. आळीत मी सांगतो सगळ्यांना."

"मूल माझंच होईल, मला माहितीये. पोरं शिकवते मी, रक्ताचं मला एवढं नाही." ती थांबली. "पण मी दमले. आईचं केलं तेव्हा दमले नव्हते, आता दमले. तू आत्ता म्हणतोस ना तेच तेव्हा म्हणायला हवं होतंस. जाऊ दे. बिल मागव."

म्हणून मला माफ कर, हे मी तिला कधी म्हणालेलो नाही. इथे लिहितो आहे, तेही तिच्या सांगण्याविरुद्धच आहे एका अर्थी. मी आईचं वर्ष पाळलं असं लोकांना वाटतं. आईने स्वतःच्या पोटात घडवून मुलीकडे ठेवलेलं जे काही उरलं होतं, ते त्या वर्षात संपलं, आणि मी ते आईच्याच नावावर संपू दिलं. ह्याला कुठलं प्रायश्चित्त आहे ते मला माहीत नाही. असेल असं वाटतही नाही.

घरात काही बदललेलं नाही. बहीण सकाळी कॉलेजला जाते, संध्याकाळी येते, मला दादा म्हणते. माझा रक्तदाब वाढला तेव्हा तीच रात्रपाळीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी गृहीत धरलं होतं तसं सगळं झालं. परवा ती सांगत होती की बारावीच्या वर्गात प्रजननाचा धडा सुरू झाला. एका मुलीने विचारलं, मॅडम, वाळ्यासारखं माणसात का होत नाही?

"मग काय सांगितलंस?" बायकोने विचारलं.

"आहे ते. वार धरत नाही म्हणून." आणि ती कुकर लावायला उठली.

घणसोलीच्या रस्त्याला एक रोपवाटिका आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिथून कढीपत्त्याचं रोप आणलं. नंतर आणखी आणली. काळ्या पिशव्यांमधली, मातीने गच्च भरलेली. गाडी मी आता बाहेर रस्त्यावर लावतो. फरशीवर पेपर पसरून एकेक पिशवी फाडायची आणि माती बोटांनी चाळायची, असं माझं रविवारचं काम झालं. मुंग्या निघाल्या, गोगलगायी निघाल्या, गांडुळं निघाली. प्रत्येक गांडूळ मी तळहातावर घेऊन निरखायचो.

"काय शोधताय?" बायको विचारायची.

"मुळं बघतोय."

एका रविवारी बहीण बाहेर आली. पेपरवरची माती, उघडी पडलेली मुळं, माझे हात, सगळं तिने बघितलं. मी काय शोधतोय ते तिला विचारावं लागलं नाही. ती माझ्या समोर उकिडवी बसली.

"मिळेल कधीतरी," ती म्हणाली. "रोपवाटिकेच्या मातीत असतात. मिळाली तर काय करणार आहेस?"

तिला दाखवणार होतो, एवढंच डोक्यात होतं, त्याच्यापुढे काही नव्हतं.

तिने थोडी वाट बघितली. मग माझ्या हातातलं रोप घेतलं, कुंडीत उभं धरलं आणि पेपरवरची माती ओंजळीने आत लोटली. दोन्ही अंगठ्यांनी बुंध्याशी दाबली.

"सारखं उकरू नकोस," ती म्हणाली. "मरतील ही. पाणी आण."

मी तांब्या आणायला आत गेलो.